हर्णै-पाजपंढरी : मासेमारीच्या गावात चार दिवस राहण्याविषयी

पामबीच (नेरूळ)

त्रिपुरी पौर्णिमेला जोडून चार दिवसांची सुट्टी मिळते आहे आणि या वेळी तरणतलाव व नाश्त्याच्या रांगा असलेले हॉटेल टाळून एखाद्या मासेमारीच्या गावात राहावे, असे घरात ठरले आहे. आम्ही दोघे, सातवीतली मुलगी आणि ७८ वर्षांच्या सासूबाई असे चौघे आहोत. दापोली तालुक्यातील हर्णै आणि त्याला लागून असलेली पाजपंढरी ही दोन नावे मनात आहेत.

दहा वर्षांपूर्वी आम्ही हर्णैला गेलो होतो, पण पोहोचलो दुपारी दोन वाजता. बंदरावर मासळीच्या रिकाम्या पाट्या (टोपल्या), सावलीला झोपलेली कुत्री आणि वाळूत पडलेले दोन गंजके नांगर एवढेच पाहून परतलो. मासळीचा लिलाव ऐन भरात असतो असे नंतर अनेकांनी सांगितले, तेव्हा आपण गेलो तरी कुठे होतो, असा प्रश्न पडला. ती चूक पुन्हा होऊ नये म्हणून विचारते : कोणत्या वेळी काय पाहावे, कुठे राहावे, आणि तिथल्या लोकांना आपला त्रास होऊ नये यासाठी काय सांभाळावे?

घोडबंदर (ठाणे)

रस्त्याविषयी आधी लिहितो, कारण हर्णैला निघालेले निम्मे लोक रस्त्यातच दमतात. मुंबई-गोवा महामार्गाने पेण, माणगाव करत लोणेऱ्यापर्यंत यावे, तिथून आत वळून गोरेगाव, आंबेत, मंडणगड या मार्गे दापोली गाठावी. दापोलीहून हर्णै साधारण १५ किलोमीटर आहे. दुसरा मार्ग समुद्राच्या कडेचा आहे : अलिबाग, मुरूड-जंजिरा, आगरदांडा, तिथून गाडीसकट फेरीबोटीने दिघी, पुढे श्रीवर्धन, बागमांडला, पुन्हा फेरीबोटीने वेशवी आणि मग केळशी-आंजर्ल्यावरून हर्णै. या फेरीबोटीला तिकडे सगळे ‘जंगल जेट्टी’ म्हणतात, त्यामुळे वाट विचारताना तोच शब्द वापरावा. हा मार्ग देखणा असला तरी दिवस खातो. सासूबाई बरोबर असल्याने मी रेल्वे सुचवेन. मांडवी एक्सप्रेस ठाण्याला आणि पनवेलला थांबते आणि पुढे खेडला थांबते. खेडहून दापोली व तिथून हर्णै असा एसटीचा प्रवास आहे.

ऐरोली (नवी मुंबई)

मी थोडे वेगळे मत नोंदवतो. हर्णै बंदराला मी दोनदा गेलो आहे. मासळीचा वास, पायाखाली चिखल, बर्फाचे पाणी, गोंगाट आणि टेम्पोंची गर्दी यापलीकडे मला तिथे पाहण्यासारखे काही आढळले नाही. ज्येष्ठांना घेऊन जायचे असेल तर शेजारच्या, दापोलीतल्या मुरूडचा किंवा कर्द्याचा स्वच्छ किनारा बरा. मासळी बाजार पाहायची हौसच असेल तर दिवाळे गाव नेरूळहून दहा मिनिटांवर आहे.

माहेरवाशीण (कळवा)

पाजपंढरी माझे माहेर आहे. लग्न होऊन कळव्याला आले त्याला २६ वर्षे झाली, तरी पावसाळा सोडला तर दर दोन महिन्यांनी मी तिकडे असते. ऐरोलीकरांनी लिहिलेला वास, चिखल आणि गोंगाट तिन्ही खरे आहेत. ते नसतील त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटण्याची पंचाईत असते, एवढेच त्यांच्या लक्षात आणून देते.

आता मूळ प्रश्नाकडे वळते. हर्णैला लिलाव दिवसातून दोनदा होतो, सकाळी आणि दुपार कलल्यावर. मोठ्या होड्या काठाला लागत नाहीत, कारण पाणी उथळ आहे. पक्का धक्का हवा ही मागणी माझ्या आजोबांच्या वेळेपासूनची आहे. होड्या आत नांगर टाकून उभ्या राहतात, मासळी छोट्या होडीत उतरवली जाते आणि तिथून बैलगाडीने वाळूवर येते. बैल पोटापर्यंत पाण्यात शांत उभे असतात आणि गाडीवान चाकावर पाय देऊन पाट्या झेलत असतो. हे दृश्य पाहण्यासाठी लोक कॅमेरे घेऊन येतात, याचे आम्हाला लहानपणी फार नवल वाटायचे, कारण आमच्या दृष्टीने ती माल उतरवायची गाडी होती आणि गाडी उशिरा आली की बर्फ वितळायचा.

लिलाव ढिगाचा होतो. बोली पुकारणाऱ्याभोवती व्यापारी आणि बायका कोंडाळे करून उभ्या असतात, कुणाची मान हलते, कुणाचे बोट वर होते आणि नवख्याला काही कळण्याआधी ढीग उठलेला असतो. किरकोळ गिऱ्हाइकाने त्या घोळक्यात शिरू नये. ज्या बायकांनी माल उचलला त्या चार पावलांवर वाटे लावून बसतात, त्यांच्याकडून घ्यावे. कल्ला उचलून पाहू द्या म्हटले तर कुणी रागावत नाही. कल्ला लालभडक, डोळा फुगीर व स्वच्छ, आणि बोटाने दाबलेले मांस लगेच वर येणारे, एवढे पाहिले की पुरे. भाव करा, पण मासा हातात घेऊन नाक मुरडू नका. माझ्या आईने एकदा असे नाक मुरडणाऱ्या बाईच्या हातून सुरमई परत घेतली होती आणि नंतर दुप्पट भाव देते म्हटले तरी दिली नव्हती.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बैलगाडीच्या वाटेत उभे राहू नये. ओल्या वाळूत गाडी थांबली की चाके बसतात आणि भरलेली गाडी पुन्हा हलवायला चार माणसे लागतात. एका छायाचित्रापायी हे घडते आणि मग पाहुण्यांविषयी गावात जे बोलले जाते ते येथे लिहिण्याजोगे नाही.

दिवाळे कोळीवाडा (बेलापूर)

माझ्या गावाचे नाव निघालेच आहे म्हणून लिहितो. आमच्याकडे दहा मिनिटांत पोहोचता येते हे खरे, पण आमची मासेमारी खाडीची आहे आणि हर्णैची खुल्या दर्याची. दोन्हींत माणसे एकाच जातीची असली तरी होडी, जाळे, मासा आणि दिवसाचा हिशेब वेगळा असतो. आमच्या लहानपणी दिवाळ्याला येणारा पाहुणाही लांबून, चिखल तुडवत येत असे. आता पाम बीच रस्ता गावाच्या तोंडाशी आला आहे, त्यामुळे आम्ही कधी काळी आडबाजूला होतो हे कुणाला खरे वाटत नाही.

पामबीच ताईंना एक हिशेब देतो, तो कुठल्याही किनाऱ्यावर कामी येईल. पंचांगात तिथी पाहावी आणि तिची पाऊणपट करावी. जो आकडा येईल त्या सुमारास पूर्ण भरती असते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमारास पाणी भरलेले असते. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, पाणी खूप चढते आणि खूप उतरते. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस, तेव्हा फरक कमी असतो. वाशीच्या आतल्या खाडीत पाणी थोडे उशिरा भरते, म्हणून आम्ही या हिशेबात थोडी भर घालतो. खुल्या किनाऱ्यावर ती गरज नाही.

तुम्ही पौर्णिमेला जात आहात, त्यामुळे संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास ओहोटी लागलेली असेल. वाळू लांबवर उघडी पडेल आणि बैलगाड्यांना बरेच आत जावे लागेल. लिलाव पाहायला ती वेळ चांगली आहे. समोरच्या सुवर्णदुर्ग गडावर होडीने जायचे असेल तर मात्र सकाळी नऊनंतर, पाणी चढत असताना निघावे.

घोडबंदर (ठाणे)

पाऊणपटीचा हिशेब मी प्रथमच ऐकतो आहे. भ्रमणध्वनीवर भरतीच्या वेळा मिळतात, तरीही हा हिशेब कशावर बसला आहे हे कळले तर बरे होईल.

दिवाळे कोळीवाडा (बेलापूर)

चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो, त्यामुळे भरतीही रोज तेवढीच मागे सरकते. तिथीमागे पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे, इतका तो जवळचा हिशेब आहे. रोजचा पाचेक मिनिटांचा फरक पंधरवड्यात साठत जातो, पण पौर्णिमा-अमावास्येला मोजणी पुन्हा एकपासून सुरू होत असल्याने तो हाताबाहेर जात नाही. भ्रमणध्वनी जरूर पाहावा. होडीत तो ओला होतो, एवढीच अडचण.

खारफुटी (वाशी)

गडाचा उल्लेख आला म्हणून थोडी माहिती देतो. हर्णैसमोर पाण्यात उभा असलेला सुवर्णदुर्ग आणि काठावरचे गोवा, कनकदुर्ग व फत्तेगड असे चार किल्ले येथे हाकेच्या अंतरावर आहेत. कान्होजी आंग्रे यांच्या उदयाची सुरुवात सुवर्णदुर्गापासून झाली. पुढे १७५५ मध्ये पेशव्यांनी तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध इंग्रजांची मदत घेतली आणि कमोडोर जेम्सच्या आरमाराने हा गड पाडाव केला. आपल्याच आरमाराचे पाय आपणच कापले, असे अनेक इतिहासकार या प्रसंगाविषयी म्हणतात आणि मला ते पटते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत सुवर्णदुर्ग आहे. त्यामुळे गर्दी वाढेल हे गृहीत धरावे.

गडावर दरवाजाच्या पायरीवर कोरलेले कासव आणि भिंतीतला मारुती चुकवू नये. आत वस्ती नाही, दुकान नाही, झाडोरा माजलेला असतो, म्हणून पिण्याचे पाणी बरोबर न्यावे. होडीतून उतरताना पाय ओले होतातच. सासूबाईंसाठी काठावरचा कनकदुर्ग सोयीचा. तिथे दीपगृह आहे आणि तिथून बंदराचा सगळा व्यवहार बसल्या जागी दिसतो. फत्तेगडावर आता कोळ्यांची वस्ती आहे, तेव्हा तिथे किल्ला शोधत लोकांच्या अंगणातून फिरू नये.

कासवे पाहायची असतील तर ही वेळ चुकीची आहे. ऑलिव्ह रिडले माद्या हिवाळ्यात अंडी घालतात आणि पिल्ले साधारण फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत समुद्राकडे जाताना दिसतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून वेळासला हे काम उभे केले आणि पुढे ते आंजर्ल्यासारख्या गावांपर्यंत पोहोचले.

कोपरी (ठाणे पूर्व)

एक सावधगिरीची गोष्ट सांगतो आणि यात दोष सर्वस्वी माझ्या घरातला आहे. चार वर्षांपूर्वी कर्द्याच्या किनाऱ्यावर माझ्या मुलाने हौसेने गाडी वाळूत नेली. ओहोटीची वाळू डांबरी रस्त्यासारखी टणक लागते, त्यामुळे तो बिनधास्त होता. परत फिरताना पुढची चाके बसली, त्याने जोर लावला तशी ती आणखी रुतली आणि तोवर पाणी फिरले होते. आम्ही दोघे हातांनी वाळू उपसत होतो आणि लाट दर वेळी तेवढीच वाळू परत आणून टाकत होती. शेवटी एका मच्छीमाराने ट्रॅक्टर आणून, दोर बांधून गाडी बाहेर काढली. त्याने पैसे घेतले नाहीत, पण मुलाला जवळ बोलावून दहा मिनिटे जे ऐकवले ते पैशापेक्षा महाग पडले. खारे पाणी शिरल्यामुळे गाडीचे काम पुढे वर्षभर निघत राहिले.

आमचे चेंदणी कोळीवाड्याशी पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते आहे, पाण्याच्या काठीच वाढलो. एवढे असूनही आमच्या पोराला भरती कधी फिरते हे ठाऊक नव्हते. दिवाळेकरांचा पाऊणपटीचा हिशेब मी आता स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवला आहे.

पामबीच (नेरूळ)

सर्वांचे मनापासून आभार. सासूबाईंनी हा सगळा मजकूर मला मोठ्याने वाचायला लावला आणि त्यांना सुवर्णदुर्गापेक्षा परत घेतलेल्या सुरमईची गोष्ट अधिक आवडली. एकच शंका राहते. माहेरवाशीण ताई, तुमच्या गावातल्या लोकांना बाहेरून आलेले पाहुणे खरोखर हवे असतात का?

माहेरवाशीण (कळवा)

हा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

माझे वडील तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख होते. त्यांच्या वेळी रात्री जाळे टाकून पहाटे परतले तरी घरखर्च निघत असे. आता भाऊ होडीवर बर्फ, डिझेल आणि शिधा भरून चार-पाच दिवस बाहेर असतो आणि कधी कधी केवळ डिझेल सुटण्याइतकी मासळी घेऊन येतो. समुद्रात प्रखर दिवे सोडून मासळी एका जागी गोळा करायची आणि मोठ्या जाळ्याने उपसून न्यायची, ही एलईडीची मासेमारी केंद्राने २०१७ मध्येच बंद केली आहे. कागदावर बंद असली तरी रात्री क्षितिजावर दिवे दिसतात, असे भाऊ सांगतो. हर्णै-दापोलीच्या पारंपरिक मच्छीमारांनी यासाठी अनेकदा आंदोलने केली आहेत. तुम्ही तिथे गेलात आणि कुणाशी दोन शब्द बोलणे झाले तर हाच विषय निघेल. तेव्हा ‘पण मासे तर खूप दिसतात’ असे म्हणू नका.

त्यात ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ आले. वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्याला लागले, पण दापोलीचा किनाराही त्याने झोडपला. आंजर्ले, मुरूड, केळशी या गावांतल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ नव्याने लावली तर फळ धरायला वर्षे जातात. त्या काळात अनेकांनी घराची पुढची खोली पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. त्यामुळे पाहुणे हवे असतात, हे प्रामाणिक उत्तर आहे. मात्र पाहुण्याने पहाटे तीन वाजता होडी निघताना उठून दिवे लावू नयेत, सुकत घातलेल्या मासळीवरून चालू नये आणि रात्री वाळूवर गाणी वाजवू नयेत. पहाटे दर्यावर जाणारा माणूस रात्री नऊला झोपतो.

राहण्यासाठी हर्णै किंवा मुरूडला घरगुती सोय मिळेल. जेवण सांगताना ‘आज जे आले असेल ते करा’ असे म्हणा. पापलेटच हवे असा आग्रह धरलात तर तुमच्यासाठी ते दापोलीच्या बाजारातून येईल आणि तुम्ही समुद्राकाठी बसून बाजारातला मासा खाल. त्या दिवसांत मांदेली, बांगडा, बोंबील, कोळंबी यांतले काही ना काही ताजे असतेच.

ऐरोली (नवी मुंबई)

माझा आधीचा अभिप्राय घाईचा होता, हे मान्य करतो. वास मात्र येतोच.

पामबीच (नेरूळ)

काल रात्री परतलो, म्हणून वृत्तान्त देते.

पौर्णिमेच्या संध्याकाळी सव्वापाचला आम्ही बंदरावर होतो. पाणी इतके लांब गेले होते की होड्या चित्रातल्यासारख्या दिसत होत्या आणि बैलगाड्या ओल्या वाळूवरून त्यांच्याकडे जात होत्या. आम्ही कडेला, गाड्यांची वाट सोडून उभे राहिलो. सासूबाईंना एका बाईने उलटी पाटी बसायला दिली आणि मग त्या दोघी पाऊण तास बोलत राहिल्या. ती बाई बोलता बोलता जवळा निवडत होती. समोर गुलाबी ढीग, त्यात बोटे अशी फिरत की एकेक नखाएवढा खेकडा, शिंपल्याचा तुकडा, बारीक मासळी बाजूला पडत जाई आणि तिची नजर मात्र सासूबाईंच्या तोंडाकडे. मुलीने करून पाहिले. दहा मिनिटांत तिने एक मूठ निवडली आणि त्यातही दोन खेकडे राहिले होते. बाईने ते न बोलता उचलले.

दुसऱ्या दिवशी प्रतिपदा. हिशेबाप्रमाणे एकची पाऊणपट म्हणजे पाऊण वाजता भरती यायला हवी होती, पण बाराच्या सुमारासच पाणी भरले. आम्ही गडावर जायला उशीर केल्यामुळे परतताना होडीवाल्याची बोलणी खाल्ली. पाऊणपटीचा हिशेब चुकला का, असे मी त्यालाच विचारले. तो म्हणाला, तिथी कालच दुपारी कुठे बदलली ते पाहिले का, आणि नसेल पाहिले तर कालच्या वेळेत पाऊण तास मिळवायचा होता. दिवाळेकर दादा, हे तुम्ही लिहायचे राहून गेले!

गडावर कासव आणि मारुती दोन्ही पाहिले. मुलीला कासवावर उभे राहायचे होते, ते मी होऊ दिले नाही. शेवटच्या दिवशी आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला गेलो. उजव्या सोंडेची मूर्ती आहे म्हणून सासूबाईंचा आग्रह होता.

येताना अर्धा किलो सोडे आणि थोडी सुकट घेतली. आमच्या इमारतीच्या उद्वाहकात शेजारच्या काकांनी पिशवीकडे पाहून काही विचारले नाही, पण पुढच्या मजल्यावरच उतरले. सोडे जास्त दिवस टिकवायचे तर काय करावे?

दिवाळे कोळीवाडा (बेलापूर)

चूक मान्य. पौर्णिमेनंतरचा पहिला दिवस नेहमी फसवतो. आम्ही त्या दिवशी काठावरची ओली रेघ पाहूनच ठरवतो, आणि अंगवळणी पडलेले असल्याने सांगायचे सुचले नाही.

माहेरवाशीण (कळवा)

सोडे एकदा कडक उन्हात घालून घ्या, कारण वाहतुकीत ओल धरते. गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरा आणि घेताना ओला हात लावू नका. सुकटेला वाळू असते, ती भाजून, चाळून मगच वापरा. तुम्ही ज्या बाईजवळ बसलात ती फत्तेगडाच्या बाजूची असावी, वर्णनावरून ओळख पटते आहे. जाऊन विचारेन.

पुढच्या खेपेला मेमध्ये जा. १ जूनपासून मासेमारी बंद होते, त्याआधी आगोटीची, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या तयारीची घाई असते. सुक्या मासळीचे भारे बांधले जातात, होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारल्या जातात आणि सगळे गाव घराबाहेर असते. मी तेव्हा तिकडेच असेन. सोडे हवे असतील तर वैशाख लागताच इथे लिहून ठेवा. भावाने एकदा होडी शाकारायला घेतली की तो दुसऱ्या कुणाचे काम ऐकत नाही.